विजेच्या गाडीने गावाकडे

विजेवर चालणारी मोटार घेऊन वर्ष उलटले, तरी ओळखीचे कोणी भेटले की पहिला प्रश्न अजून तोच असतो: ‘एकदा चार्ज केली की किती जाते?’ किंमत, देखभाल, बॅटरीचे आयुष्य हे सारे नंतर. आमच्या घरात मात्र गाडी घेण्याआधी हा प्रश्न थोडा निराळ्या शब्दांत विचारला गेला होता. आम्ही ठाण्याला राहतो. आई वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात, धनजला असते. तिचे वय अठ्ठ्याहत्तर. ती शहरात यायला तयार नाही आणि आम्ही गावी राहू शकत नाही. घरात गाडी एकच. तेव्हा खरा प्रश्न असा होता की, मध्यरात्री गावाहून दूरध्वनी आला तर या गाडीत बसून निघता येईल का?

या प्रश्नाचे उत्तर कंपनीच्या माहितीपत्रकात नसते. ते शोधण्यासाठी आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत ही गाडी घेऊन धनजला गेलो आणि परत आलो. त्या प्रवासात जे कळले, ते शहरात राहणाऱ्या आणि ज्यांचे मूळ अजून एखाद्या गावात रुजलेले आहे अशा वाचकांच्या उपयोगी पडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

जुनीच वाट, नवा प्रवासी

विजेची मोटार ही या शतकाची निर्मिती आहे असा आपला समज असतो. वस्तुस्थिती उलट आहे. ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी जगातली पहिली मोटार विजेवर चालणारी होती, आणि ही घटना १८९९ सालची. त्या काळात पेट्रोलची गाडी सुरू करायची म्हणजे पुढे उभे राहून लोखंडी दांडा जीव खाऊन फिरवावा लागे. १९१२ मध्ये मोटारीत विजेचा स्टार्टर आला, दांडा फिरवण्याचे कष्ट संपले, पेट्रोल स्वस्त झाले आणि विजेची गाडी मागे पडली. ती मागे पडण्याचे मुख्य कारण आज आपण विचारतो तेच होते: लांबचा पल्ला.

आपल्याकडे बंगळुरूची ‘रेवा’ २००१ मध्ये बाजारात आली. दोन माणसे ऐसपैस बसतील अशी ती चिमुकली गाडी एका दमात सुमारे ८० किलोमीटर जाई. शहरातल्या शहरात फिरण्यापुरते ते पुरेसे होते. गावाचे नाव काढण्याची सोय नव्हती. जानेवारी २०२० मध्ये टाटांची ‘नेक्सॉन’ विजेवर आली आणि मध्यमवर्गीय कुटुंबाची एकमेव गाडी विजेची असू शकते, हा विचार प्रथमच व्यवहार्य वाटू लागला. त्यानंतरच्या पाच वर्षांत बॅटऱ्यांचा आकार जवळजवळ दुप्पट झाला. २०२४ च्या अखेरीस महिंद्राने आणलेल्या, चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या गाड्यांत ५९ आणि ७९ युनिट साठवणाऱ्या बॅटऱ्या आहेत.

गाड्या बदलत असतानाच रस्ताही बदलला. नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग टप्प्याटप्प्याने खुला झाला. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, आणि इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. हा मार्ग दहा जिल्ह्यांतून जातो. वाशीम जिल्ह्यात मालेगाव, शेलूबाजार आणि कारंजा या ठिकाणी त्यावर चढण्या-उतरण्याची सोय आहे. एके काळी मुंबईहून कारंजाला जायचे म्हणजे रात्रभराची आगगाडी, मग मूर्तिजापूरला उतरून पुढचा प्रवास, असा दीड दिवसाचा खटाटोप असे. आज सकाळी ठाण्याहून निघालेला माणूस संध्याकाळच्या आत धनजला पोहोचतो. प्रश्न इतकाच, की गाडी विजेची असेल तर?

युनिटांचा हिशेब

पेट्रोलच्या गाडीत आपण लिटर मोजतो. विजेच्या गाडीत युनिट मोजायचे. महिन्याच्या वीजबिलावर जे युनिट असते तेच हे. बॅटरीचा आकार युनिटांत सांगितला जातो, तर चार्जरची ताकद किलोवॅटमध्ये. या दोहोंत गफलत होते, म्हणून एक घरगुती उदाहरण घेऊ. बॅटरी हा रांजण समजा आणि किलोवॅट ही नळाची धार. रांजण ४५ युनिटांचा असेल आणि धार ३ किलोवॅटची असेल, तर तो भरायला पंधरा तास लागतील. धार ४५ किलोवॅटची असेल तर, निदान कागदावर, एका तासात काम होईल.

आमच्या गाडीची बॅटरी ४५ युनिटांची आहे. चाचणी प्रयोगशाळेतला तिचा पल्ला साडेचारशे किलोमीटरच्या पुढे सांगितला जातो. हा आकडा खोटा नाही. पण तो ठरलेल्या चाचणीतला, संथ आणि चढउतार करणाऱ्या वेगाचा आहे. महामार्गावर गाडी सलग धावते आणि तिथे हवा आडवी येते. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ८० वरून १२० वर गेला, म्हणजे दीडपट झाला, की हवेचा अवरोध सव्वादोन पट होतो. आमच्या गाडीला ताशी ८० च्या आसपास १०० किलोमीटरला साधारण १३ युनिट लागतात, १०० च्या वेगाला १६, आणि १२० ला २० च्या घरात. म्हणजे तीच बॅटरी पहिल्या वेगाला साडेतीनशे किलोमीटरच्या जवळ नेते, दुसऱ्या वेगाला पावणेतीनशेच्या थोडे पुढे, तर तिसऱ्या वेगाला जेमतेम सव्वादोनशे.

समृद्धीवर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. त्या वेगाने धनजपर्यंतच्या पावणेसहाशे किलोमीटरच्या वाटेत रस्त्यावरचा तासभर वाचतो खरा, पण चार्जिंगचा एक थांबा वाढतो आणि वाचलेला वेळ तिथे खर्ची पडतो. विजेच्या गाडीत घाई महाग पडते, हा या प्रवासाचा पहिला धडा.

दुसरा धडा घाटाचा. आमणेहून निघाले की इगतपुरीच्या बाजूला सुमारे सहाशे मीटर उंची चढावी लागते. माणसांसह सतराशे किलो वजनाची गाडी तेवढी वर न्यायला किती वीज लागते, हे शाळेतल्या सूत्राने काढता येते: वजन, गुरुत्वाकर्षण आणि उंची यांचा गुणाकार. उत्तर येते पावणेतीन युनिट; वाया जाणारी धरून तीन. म्हणजे सह्याद्री चढण्याची किंमत वीस किलोमीटरच्या प्रवासाइतकी. परतीच्या वाटेवर हीच उंची उतरताना मोटार जनित्रासारखी उलटी काम करते आणि त्या तीन युनिटांतला मोठा वाटा बॅटरीत परत जमा होतो. घाट उतरताना बॅटरीचा आकडा चढत जाताना पाहणे हा या गाडीचा एक निर्मळ आनंद आहे. पेट्रोलच्या गाडीत तीच ऊर्जा ब्रेक तापवण्यात संपते.

बंडीत कापूस भरताना

ठाण्याहून पहाटे साडेपाचला आम्ही शंभर टक्के भरलेली बॅटरी घेऊन निघालो. शिर्डीपर्यंत सुमारे २१० किलोमीटर झाले तेव्हा १९ टक्के शिल्लक होते. तिथे महामार्गावरून उतरून जलद चार्जर गाठला. पाऊण तासात आकडा ८५ वर गेला. तोपर्यंत चहा-नाश्ता झाला, मुलांचे पाय मोकळे झाले.

८५ वरच का थांबलो, असे कोणीही विचारील. वऱ्हाडातल्या वाचकाला याचे उत्तर बंडीच्या उदाहरणाने चटकन पटेल. बंडीत कापूस भरताना पहिला ढीग टोपल्याच्या टोपल्या ओतून भराभर होतो. बंडी भरत आली की मात्र एकाने वर चढून कापूस तुडवावा लागतो, मग पुढची टोपली बसते. लिथियमच्या बॅटरीत असेच होते. रिकामी असताना ती वीज भराभर घेते. भरत आली की तिच्या आतल्या थरांत जागा शोधत शिरणाऱ्या कणांची गती मंदावते. त्या वेळी जोर केला तर ते कण आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातूच्या रूपाने साचतात आणि बॅटरीचे कायमचे नुकसान होते. म्हणून गाडीच आपणहून धार बारीक करते. ८० टक्क्यांपर्यंत पाऊण तास, आणि उरलेल्या २० टक्क्यांना आणखी तितकाच वेळ, असा हा व्यवहार आहे. प्रवासात मधले टक्के वापरायचे आणि शेवटचे घरी रात्री सावकाश भरायचे, हे त्यावरचे शहाणपण.

उन्हाचा परिणामही लक्षात घ्यायला हवा. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो. आतला गारवा राखायला ताशी दीड-दोन युनिट जातात, हा खर्च फार नाही. पण जलद चार्जिंगमध्ये बॅटरी मुळातच तापते. बाहेरही रखरखीत ऊन असेल तर तिला थंड ठेवणारी यंत्रणा थकते आणि चार्जिंगचा वेग कमी केला जातो. दुपारी एकच्या उन्हात जो चार्जर आळशी वाटतो, तोच सकाळी आठला चपळ असतो. उन्हाळ्यात पहाटे निघण्याची आपली जुनी रीत विजेच्या गाडीलाही मानवते.

दुसरा थांबा

आमचा दुसरा थांबा जालन्याच्या आसपास ठरवलेला होता. भ्रमणध्वनीवरच्या नकाशात तिथला चार्जर हिरव्या रंगात, म्हणजे चालू असल्याचे दिसत होते. प्रत्यक्षात यंत्राचा पडदा काळा होता. मदतीच्या क्रमांकावरच्या मुलीने अत्यंत सौजन्याने तक्रार नोंदवून घेतली आणि अठ्ठेचाळीस तासांत निराकरण होईल असे आश्वासन दिले. आम्हाला अठ्ठेचाळीस तास नको होते. पाऊण तास हवा होता.

गाडीत ३० टक्के शिल्लक होते म्हणून निभावले. दहा-बारा किलोमीटर आत, शहरात, दुसरा चार्जर मिळाला. पण तिथे आमच्या आधी एक गाडी लागलेली होती आणि तिचा मालक जेवायला गेला होता. एकंदरीत सव्वा तासाचा खोळंबा झाला. मनात आले, रात्रीचे दोन वाजले असते आणि आकडा ३० ऐवजी ८ असता तर?

विजेच्या गाडीच्या लांबच्या प्रवासातली खरी अडचण ही आहे. पल्ला ही अडचण आता बरीचशी सुटली आहे. भरवसा ही उरली आहे. पेट्रोलपंपावर माणूस असतो, छप्पर असते, दिवा असतो. चार्जर बऱ्याच ठिकाणी एकटाच उभा असतो आणि तो चालतो की नाही हे तिथे पोहोचल्यावरच कळते. समृद्धी महामार्गावर तर सुरुवातीची काही वर्षे पेट्रोलपंप, प्रसाधनगृहे आणि उपाहारगृहेही मोजकीच होती. चार्जरचा क्रमांक त्यांच्या नंतरचा. राज्य शासनाच्या मे २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट आहे. ते कागदावरून रस्त्यावर उतरेपर्यंत प्रवाशाने स्वतःचे नियम पाळावेत हे बरे. आम्ही तीन नियम केले आहेत. चार्जर निवडताना एकाच ठिकाणी दोन-तीन यंत्रे असलेली जागा पाहायची. त्या जागेवर गेल्या एक-दोन दिवसांत कोणी यशस्वी चार्जिंग केल्याची नोंद आहे का ते निघण्याआधी तपासायचे. आणि ठरलेला चार्जर बंद निघाला तर त्याच्या पुढचा गाठता येईल इतकी वीज हाताशी असल्याशिवाय पुढे सरकायचे नाही. आपल्या आज्या प्रवासाला निघताना एक भाकरी जास्तीची बांधून देत, तसेच हे.

सक्तीची विश्रांती

या थांब्यांना कंटाळणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. समृद्धी महामार्ग सरळ, रुंद आणि एकसुरी आहे. तासन् तास एकाच वेगाने, एकच दृश्य पाहत गाडी चालवणाऱ्याचे डोळे उघडे असतात, पण भान हरपत जाते. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा होरपळून मृत्यू झाला, तो आघात विदर्भ विसरलेला नाही. त्या मार्गावरच्या अपघातांच्या चर्चेत चालकाचा थकवा, डुलकी आणि तापलेले टायर यांचा उल्लेख वारंवार येतो. दर दोनशे किलोमीटरला पाऊण तास थांबायला लावणारी गाडी या रस्त्यावर एका अर्थाने आपल्यावर उपकारच करते.

टायरांविषयी मात्र विजेच्या गाडीच्या मालकाने अधिक दक्ष असावे. बॅटरीमुळे ही गाडी तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा अडीचशे ते चारशे किलोंनी जड असते. तापलेल्या सिमेंट काँक्रीटवर, पूर्ण भारासह, वेगाने धावताना टायरवर ताण येतो. निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, कंपनीने सांगितलेल्या आकड्याइतकी हवा भरून घेणे हे बॅटरी भरण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

एक कळशी पाणी

संध्याकाळी साडेपाचला आम्ही धनजला पोहोचलो. आकडा २० वर होता. अंगणात गाडी उभी केली, न्हाणीघराजवळचा पंधरा अँपिअरचा सॉकेट हेरून ठेवलेला होता, त्यात गाडीसोबत आलेला चार्जर लावला. चार्जरवर लाल दिवा लागला. काढून पुन्हा लावला, पुन्हा लाल. आईने विचारले, “इतक्या दुरून आली बाप्पा, अन् उपाशीच झोपणार का ते?”

गावातल्या वायरमनला बोलावले. त्याने चाचणीचा दिवा लावून पाहिला आणि निदान केले, “वीज आहे. अर्थिंग नाही. जमीन कोल्डी पडली, भाऊ. खड्ड्यात पाणी टाका लागते.” घरामागे, वडिलांच्या काळात मीठ आणि कोळसा घालून पुरलेली अर्थिंगची नळी होती. त्या खड्ड्याचा आम्हाला सर्वांनाच विसर पडला होता. आईने त्यावर कळशीभर पाणी ओतले, मग दुसरी. दहा मिनिटांनी चार्जर लावला आणि हिरवा दिवा लागला.

हा चमत्कार वाटेल. पण त्यामागे साधे विज्ञान आहे. घरातल्या उपकरणात बिघाड झाला तर त्याच्या धातूच्या अंगात उतरलेली वीज जमिनीत जावी, माणसाच्या शरीरातून जाऊ नये, यासाठी अर्थिंग असते. वीज जमिनीत सहज मुरण्यासाठी मातीत ओल हवी. वऱ्हाडातली काळी माती पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगाळली की पुरलेल्या नळीपासून ती सुटते आणि अर्थिंग नावापुरतेच उरते. पंखा, दूरदर्शन संच यांना याची फिकीर नसते, ते चालत राहतात, त्यामुळे दोष वर्षानुवर्षे कळत नाही. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो आणि नसेल तर वीज घ्यायलाच नकार देतो. तो हट्टीपणा नाही. आपल्या जिवाची काळजी आहे. ही तपासणी चुकवण्यासाठी तारांची जोडाजोड करून देणारे ‘जाणकार’ भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. पाणी ओतणे हाही तात्पुरता उपाय. दुसऱ्या दिवशी आम्ही नवा खड्डा खणून, नवी नळी पुरून अर्थिंग मोजून घेतले. इतकी वर्षे आई त्या घरात अर्थिंगशिवाय पाण्याची मोटार चालवत होती, हे त्या लाल दिव्यामुळे कळले. गाडी घेतल्याचा हा फायदा कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नाही.

गावच्या विजेची आणखी दोन पथ्ये आहेत. जुन्या घरांचा मंजूर भार बहुधा एक-दोन किलोवॅटचा असतो, आणि गाडीचा लहान चार्जर एकटाच तीन किलोवॅटच्या पुढे ओढतो. तेव्हा रीतसर अर्ज करून भार वाढवून घ्यावा आणि मीटरपासून सॉकेटपर्यंत स्वतंत्र, जाड तार टाकावी. संध्याकाळी सगळीकडचे दिवे-पंखे सुरू झाले की दाब उतरतो. म्हणून चार्जिंग रात्री दहानंतर लावावे. आमची गाडी २० वरून १०० वर यायला बारा तास लागले. मधे तासभर वीज गेली होती. पण गावी गेलेल्या माणसाला बारा तास जड जात नाहीत.

त्या रात्री आईने शकुंतलेची आठवण काढली. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्ह्यामार्गे यवतमाळला जाणारी ११३ किलोमीटरची ती अरुंद रुळांची गाडी. इंग्लंडमधल्या मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत काम करीत होते. आता ती गाडी धावत नाही. “तिले बी मधे मधे थांबून पाणी पाजा लागे,” आई म्हणाली. इंजिन पाणी पिईस्तोवर लोक खाली उतरत, ओळखी निघत, सोयरिकी जमत. थांबत थांबत जाणाऱ्या गाडीचे तिला काहीच नवल नव्हते. नवल आपल्या पिढीलाच वाटते.

खर्च आणि खरेपणा

आता पैशाचा हिशेब. ठाण्याहून निघताना घरी भरलेल्या विजेचे साधारण पाचशे रुपये झाले. वाटेत दोन ठिकाणी मिळून साठ युनिटांच्या आसपास घेतले. सार्वजनिक जलद चार्जरचा दर युनिटला साधारण वीस ते पंचवीस रुपये धरला तर बाराशे ते दीड हजार. म्हणजे एका फेरीला सुमारे दोन हजार. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोलच्या गाडीला याच वाटेवर ३८ लिटर, म्हणजे जवळजवळ चार हजार रुपयांचे पेट्रोल लागले असते. घरी चार्जिंग करणाऱ्याला फायदा मोठा आहे. सगळे चार्जिंग रस्त्यावर करणाऱ्याला तो बराच कमी उरतो. शहरातल्या गृहनिर्माण संस्थेत स्वतःच्या जागेवर चार्जर बसवता येणार नसेल तर गाडी घेण्याआधी दोनदा विचार करावा, तो याच कारणासाठी.

टोलचा मुद्दा निराळा. समृद्धीवर मोटारीचा दर १ एप्रिल २०२५ पासून किलोमीटरला २ रुपये ६ पैसे झाला. त्या दराने नागपूर ते आमणे १,४४५ रुपये होतात. नव्या धोरणात समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू येथे विद्युत मोटारींना टोलमाफी जाहीर झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून ती लागू होऊ लागली. तरीही फास्टॅगमधून पैसे कापले गेल्याच्या तक्रारी पुढे येत राहिल्या आणि त्यांचे पडसाद त्या वर्षीच्या नागपूर अधिवेशनातही उमटले. प्रवास झाल्यावर फास्टॅगचा तपशील पाहावा, आणि रक्कम कापली गेली असेल तर पुराव्यासह परतावा मागावा.

पर्यावरणाचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. महाराष्ट्राच्या विजेचा मोठा भाग अजून कोळशावर तयार होतो, आणि त्यातला बराचसा विदर्भातच. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा आणि वाशीमशेजारच्या अकोला जिल्ह्यातले पारस ही केंद्रे सर्वांना परिचित आहेत. आजच्या मिश्र विजेवर, वाहतुकीतली गळती धरून, विजेची गाडी १०० किलोमीटरला सुमारे १३ ते १४ किलो कार्बन डायऑक्साइडला कारणीभूत होते. पेट्रोलची गाडी नुसत्या धुरातून सुमारे १५ किलो सोडते. तेल उपसणे, शुद्ध करणे, वाहून आणणे यांचा वाटा त्याहून वेगळा. फरक आहे, पण जाहिराती सांगतात तेवढा नाही. बॅटरी तयार करतानाचे प्रदूषण आधीच झालेले असते, ते भरून निघायला गाडी अनेक वर्षे आणि भरपूर चालवावी लागते. शहराच्या हवेला मात्र ताबडतोब दिलासा मिळतो, हे निर्विवाद.

हा फरक खरोखर मोठा करण्याचे साधन धनजच्या छपरावर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या सौर संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. असा संच वऱ्हाडातल्या उन्हात दिवसाला साधारण १२ युनिट देतो, म्हणजे आमच्या गाडीचे ७५ किलोमीटर. ज्या उन्हाने अर्थिंगची माती भेगाळली, तेच ऊन गाडीही चालवू शकते.

तर, निघता येईल का?

शेवटी मूळ प्रश्नाकडे येऊ. मध्यरात्री दूरध्वनी आला तर निघता येईल का? प्रवासाआधी मला याचे उत्तर ‘नाही’ असे वाटत होते. आता ते ‘हो, पण तयारीने’ असे आहे. ठाण्यात गाडी रोज रात्री चार्जरला लावलेली असते आणि ८० टक्क्यांच्या खाली उभी राहत नाही. वाटेवरचे चार थांबे, प्रत्येकाच्या जवळचा पर्यायी थांबा, हे सारे कागदावर लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवले आहे. रात्री नकाशा शोधत बसायला नको. पेट्रोलच्या गाडीपेक्षा दीड ते दोन तास जास्त लागतील, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. ते दोन तास ज्यांना परवडणार नाहीत अशा घरांनी आज दुसरा विचार करावा, यात कमीपणा नाही. आम्हीही त्या दोन तासांसाठी एक सोय केली आहे: शेजारच्या काकाजींकडे घराची किल्ली आणि कारंजाच्या दवाखान्याचा क्रमांक दिलेला आहे. खरे सांगायचे तर पावणेसहाशे किलोमीटरवरून कोणतीही गाडी वेळेवर पोहोचत नाही. आधी शेजारीच पोहोचतो. हे पेट्रोलच्या गाडीच्या काळातही तितकेच खरे होते, आम्ही त्याचा विचार केला नव्हता, इतकेच.

परत निघताना आईने नेहमीप्रमाणे डबा बांधून दिला. मग घरामागे गेली आणि नव्या खड्ड्यावर कळशीभर पाणी ओतून आली. आता ती हे रोज तुळशीला पाणी घालून झाल्यावर करते. तिला म्हटले, आता त्याची रोज गरज नाही. ती म्हणाली, “राहू दे. तू केव्हाही येशील.”